बटण सत्तरवर गेलं तो दिवस

मित्रांनो, माझ्या पाठीतला पंखा हल्ली सुरू होताना जरा खाकरतो. तेव्हा बोलता बोलता मध्येच घरघर आली तर सांभाळून घ्या. मी एक जुना डिहायड्रेटर आहे, म्हणजे भाज्या-फळं वाळवायची पेटी. सहा जाळ्या, एक पंखा, एक बटण आणि पुढे काचेचं दार, एवढाच माझा संसार. आजवर मी किती तास चाललो हे कुणी विचारत नाही, पण मी मोजले आहेत. सहा हजार चारशे आणि वर थोडे. एवढ्या तासांत मी सफरचंदं वाळवली, टोमॅटो वाळवले, गाजरं वाळवली आणि फावल्या वेळात माणसं बघितली. भाजी वाळली की हलकी होते. माणसांचं तसं काही खात्रीनं सांगता येत नाही.

जन्माचं मला फारसं आठवत नाही. एका लांब टेबलाशी एका बाईनं पंखा बसवला, दुसरीनं दार लावलं, तिसरीनं ते दोनदा उघडून मिटलं आणि शिक्का मारला. झाली परीक्षा. पुढे आयुष्यभर आपल्याला कुणी नापास करणार नाही, असं मला तेव्हा वाटलं होतं. नव्या मालाला असं वाटतंच.

दुकानात माझ्या शेजारी एक गोल भाऊबंद होता. ताटल्यांवर ताटल्या रचलेला, दिसायला गोजिरवाणा. गिऱ्हाईक आधी त्याच्याकडेच जायचं. एके दिवशी एक नवरा-बायको आले. ती कपडे शिवणारी, तो बस आगारात गाड्यांच्या वेळा नोंदवून नुकताच निवृत्त झालेला. ती गोलाला बघून थांबली आणि तिनं दुकानदाराला विचारलं, "याचा पंखा कुठंय?"

"खाली आहे, काकू."

"म्हणजे खालची ताटली करपणार आणि वरची ओलीच राहणार."

"मधून मधून वरखाली करायच्या की!"

"मग मी शिवणकाम कधी करू? याच्याशी पत्ते पिसत बसू?"

मग ती माझ्याकडे वळली. माझा पंखा पाठीत, वारा सगळ्या जाळ्यांवरून सारखा जाणारा. तिनं एक जाळी बाहेर काढून वितीनं मोजली, कोपरे धुता येतील का ते बोट फिरवून बघितलं, मला चालू करून कान लावला. नवऱ्याचं लक्ष मात्र बटणावर. "सत्तर अंशच? याच्या वर जात नाही?"

"काका," दुकानदार म्हणाला, "भाजायचंच असेल तर ओव्हन दाखवतो."

बायको हसली आणि मी त्यांच्या घरी गेलो.

सुरुवातीची वर्षं कौतुकाची. बाई चकत्या कापायची त्या कापड बेतावं तशा, सगळ्या एका जाडीच्या. जाड-बारीक चकत्या एकत्र लावल्या की काही कुरकुरीत होतात आणि काही रुसून बसतात, हे तिला पहिल्याच खेपेला कळलं. जाळीवर ती दाटी करायची नाही. "वाऱ्याला जायला वाट हवी," म्हणायची. टोमॅटोला सत्तावन्न अंश आणि दहा तास. वाळलेला माल पूर्ण गार झाल्यावर बरणीत, तीही गळ्यापर्यंत भरायची नाही. मग आठवडाभर ती रोज बरणी हलवून बघायची. आत खडखडलं तर ठीक. काचेला दव दिसलं तर माल परत माझ्याकडे.

कौतुक मात्र महागात पडलं. शेजारीण आली, जाऊ आली, जावेची बहीण आली. "तेवढं आमचंही लावून दे ना, तुझं यंत्र काय, चालूच असतं!" हे वाक्य मी एकतीस वेळा ऐकलं. चालू असतं म्हणजे थकत नाही, असा हिशेब माणसं फार झटकन करतात. मग जशी हौस आली तशी ती गेली. मला माळ्यावर ठेवलं, एका फाटक्या बॅगेला टेकून. चौदा महिने माझ्या दारावर धूळ बसत होती आणि खाली कुणाला माझी आठवण नव्हती. खोटं कशाला बोलू, त्या विश्रांतीत मला बरं वाटत होतं.

मला खाली काढलं ते थोरलीसाठी. ही त्यांची मुलगी जमिनीची मोजणी करते. दुर्बिणीचं यंत्र खांद्यावर घेऊन डोंगर चढणारी. तिला पंचेचाळीस दिवसांच्या छावणीवर जायचं होतं, जिथे जेवण प्रत्येकानं आपापलं पाठीवरून न्यायचं. मागच्या वेळी ती बिस्किटांवर राहिली आणि परत आली ती सात किलो उतरून. दारात उभ्या लेकीला आईनं आधी ओळखलंच नव्हतं म्हणे. आईनं तेव्हाच ठरवलं होतं, या खेपेला पोरीच्या पातेल्यात रोज मूठभर खरी भाजी पडली पाहिजे.

हातात बारा दिवस होते. रोज एक खेप, एका खेपेची एक बरणी, एका बरणीत पाच दिवसांचं जेवण. नऊ दिवसांत नऊ बरण्या आणि मग शेवटचे तीन दिवस फक्त लक्ष ठेवायचं. एकही खेप फुकट जाऊन चालणार नव्हतं. माझा पंखा पहिल्या दिवशी इतका कण्हला की नवऱ्यानं मला दोन थपडा मारल्या. थकलेल्याला थापटून उठवण्याची ही पद्धत घरोघरी सारखीच असावी.

पाच दिवस नीट गेले. सहाव्या दिवशी बाईला एका गिऱ्हाइकाच्या घरी मापं घ्यायला जावं लागलं. जाताना ती म्हणाली, "अहो, टोमॅटो लावलेत. नुसतं लक्ष ठेवा. बटणाला हात लावू नका."

"मी काय लहान आहे?"

"लहान असता तर सांगावं लागलं नसतं."

ती गेली आणि पाव तासात गृहस्थ माझ्यासमोर स्टूल टाकून बसले. घड्याळ बघितलं, मला बघितलं. दहा तास एका खेपेला! आयुष्यभर ज्यानं सहा मिनिटं उशीर झालेल्या गाडीच्या चालकाला फैलावर घेतलं, त्याला हे कसं सोसावं? त्यानं बटण सत्तरवर नेलं. टोमॅटो पाच तासांत वरून कडक झाले. ते काढून त्यानं दुसऱ्या दिवसासाठी कापून ठेवलेलं कांदा-गाजरही त्याच तडाख्यात उरकलं, बटण गुपचूप सत्तावन्नवर आणलं, आणि बायको आल्यावर म्हणाला, "यंत्र आज जोरात होतं. दोन खेपा झाल्या बघ."

मित्रांनो, इथे मला घसा असता तर मी ओरडलो असतो. जास्त आच लागली की चकतीची साल आवळून घट्ट होते आणि आतलं पाणी आतच कोंडून राहतं. बाहेरून हात लावा, अगदी वाळलेली. बाईनंही हात लावला, पण दिवसभराच्या दमल्या हाताला ते कळलं नाही.

तीन दिवस त्या बरण्या खडखडल्या. दहाव्या दिवशी सकाळी तिनं सहावी बरणी हलवली आणि आतून धप्प असा आवाज आला. टोमॅटो एकमेकांना चिकटले होते, काचेवर दव होतं, आणि तळाशी दोन चकत्यांवर पांढरा कापूस उगवला होता. सातवीचीही तीच गत.

ती खुर्चीत बसली. मग माझ्याकडे बोट करून म्हणाली, "याचं वय झालं. आतून गेलंय हे. आता उरलेल्या सात बरण्यांचा तरी काय भरवसा? आज दिसत नाही, डोंगरावर दिसेल. तिथे डॉक्टर आहे का? सगळं टाकून द्या."

"सगळं?" थोरली म्हणाली. "आई, अगं आठ दिवस राबलीस तू."

"म्हणून तुला आजारी पाडू?"

"बरं, राहू दे. बिस्किटं आहेत की. मागच्या वेळी मेले का मी?" ती हसून म्हणाली, पण बॅगेचा पट्टा तिनं उगीचच तीनदा आवळला.

बाबा मिठाची गुळणी धरून बसले होते. खापर माझ्या पत्र्यावर फुटत होतं आणि ते तसंच फुटू दिलं असतं तर त्यांचं काहीच बिघडणार नव्हतं. फक्त सात चांगल्या बरण्या उकिरड्यावर जाणार होत्या आणि लेक पुन्हा बिस्किटांवर. आईनं पहिल्या बरणीचं झाकण उघडून ती कचऱ्याच्या डब्यावर तिरकी केली, तेव्हा ते उठले आणि त्यांनी तिचं मनगट धरलं.

"थांब. ती टाकू नको."

"का?"

"यंत्र चांगलंय. मी फिरवलं होतं बटण. त्या दिवशी, त्या दोनच खेपांना. सत्तरवर."

आईनं आपलं मनगट सोडवून घेतलं.

"आणि चार दिवस गप्प बसलात?"

"आज सांगू, उद्या सांगू असं... अगं, तुझं मनगट सुजलेलं. म्हटलं, एक दिवस वाचला तर तेवढाच आराम."

"माझ्या मनगटाला आराम, आणि पोरीच्या पोटात बुरशी!" ती कडाडली. पण बरणी तिनं सरळ केली. झाकण लावलं. उरलेल्या सातही बरण्या एकेक करून खिडकीच्या उजेडात धरल्या, हलवल्या, उघडून वास घेतला, प्रत्येकीतली एक चकती मोडून बघितली. सात वेळा खडखड झाली, सात चकत्या कट्कन मोडल्या. मग म्हणाली, "बसा. टोमॅटो कापा. जाडी मी दाखवीन तीच."

तो दिवस तपासण्यात आणि कापण्यातच गेला. अकराव्या दिवशी ते सकाळपासून माझ्यासमोर बसले. दहा तास. बटणाकडे बघितलं, पण हात मांडीखाली दाबून ठेवले. त्या नव्या बरणीला नजरेखाली ठेवायला दिवसच उरले नव्हते, म्हणून आईनं तिच्यावर चिठ्ठी लावली: हे आधी संपव. आठ बरण्या, चाळीस दिवस. पाच दिवस कमीच पडले. थोरली निघताना म्हणाली, "त्या पाच दिवसांची बिस्किटं बाबांच्या नावानं खाईन. रोज एक शिवी, रोज एक बिस्किट." बाबांनी मान खाली घालून हो म्हटलं आणि तिची बॅग स्वतः खालपर्यंत नेली.

मला मात्र त्या संध्याकाळी कुणी माळ्यावर टाकलं नाही. बाबांनी जुना दात घासायचा ब्रश घेतला आणि माझ्या पाठीची जाळी घासली. तिथे सहा हजार तासांचा कचरा होता. माफी मागण्याचा एवढाच प्रकार काही माणसांना जमतो, आणि तो मला चालतो.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखी दमलेली माणसं असतील आणि यंत्रं असतील. एखादं अडलं की 'याचं वय झालं' असं लगेच म्हणू नका. आपला हात कुठे लागला होता का, ते आधी आठवा, आणि आठवलं तर वेळेत सांगा. सांगायला जितका उशीर कराल, तितक्या चांगल्या बरण्या कचऱ्याच्या जवळ जातात. आणि काम संपलं की लगेच दार लावून मला फडताळात कोंबू नका. थोडा वेळ ते उघडं राहू द्या. मी अजून गरम असतो.