पेवातली वांगी

नाथाजीच्या पदरात पडायचं होतं ते एवढंच : विजयमालेच्या लग्नात फलटणकर व्याह्यांच्या पंगतीला आपल्या रानातली कृष्णाकाठची वांगी वाढायची आणि उसाच्या जोरावर चढेल झालेल्या विहीणबाईंनी, रंगूबाईंनी, भाजी दुसऱ्यांदा मागून घ्यायची. लेकीचं सासरचं वजन त्या भाजीवर ठरणार, असा त्याचा हिशेब होता. पंचाहत्तर सालची गोष्ट. पण लग्न आठवड्यावर आलेलं असताना हाच गडी वांग्यांवरच्या अळीपायी औषध फवारून बसला.

शेतकी कॉलेजातले साहेब त्याच्या रानातली माती आणि वांगी तपासायला नेत. त्यांना त्यानं बांधावर गाठलं.

"आवं साहेब, औषध उतरलं का?"

"मातीतलं बरंचसं विरलं. वांग्यातलं सांगता येत नाही. या औषधाची दोन रूपं असतात, चपलेच्या जोडासारखी. एक डावं, एक उजवं. मातीतले जंतू एकाला लवकर खातात. झाडात कधी दुसरंच मागं राहतं."

"मग वांग्यात ऱ्हायलंय ते डावं का उजवं?"

"आमच्या यंत्राला दोन्ही सारखीच दिसतात."

नाथाजी चक्रावला. यंत्राला दिसत नाही, ते साहेबाला कुठं दिसलं? का आपण पंप डाव्या हातानं मारला, त्याचं काही?

"पर पंगतीला वाढू का नको?"

"मी तरी खाणार नाही," म्हणत साहेब सायकलवर बसले.

"बाजारातली आना की," घरी बायको, मनुबाई, म्हणाली.

"बाजारातली वांगी विहीण वळखतीया, मने."

मातीत औषध विरतं, एवढं मात्र त्याला पक्कं समजलं होतं. आणि हरिपूरच्या माणसाला माती म्हटलं की पेव आठवतं. जमिनीच्या पोटातल्या त्या खड्ड्यात हळद वर्षानुवर्षं जशीच्या तशी राहते, मग वांग्यांना काय धाड भरलीय? तीन पोती वांगी त्यानं रिकाम्या पेवात सोडली आणि तोंड मातीनं लिंपलं.

लग्नादिवशी सकाळी तोंड फोडलं. आत उतरण्याजोगी हवा आहे का ते बघायला रिवाजाप्रमाणे आधी कंदील सोडला. तो हातभर खाली जाताच विझला आणि वास तेवढा वर आला.

"औषध गेलं म्हनायचं का?"

"वांगीबी गेली," म्हणून मनुबाई भोपळे चिरायला बसली.

पंगतीत रंगूबाईंनी पत्रावळ निरखली. "वांगी कुठं हायती?"

"पेवात," कुणीतरी बोलून गेलं.

अखेरचा जमाखर्च असा : नाथाजीची तीन पोती गेली. त्या साली वासापायी पेव रिकामं राहिलं. साहेबांना बाटलीभर लगदा फुकट मिळाला, डावं का उजवं ते त्यांनी कधी कळवलं नाही. आणि फलटणला वांगी शिजली की रंगूबाई विचारतात, "सूनबाई, ही झाडावरची का पेवातली?" विजयमाला मान खाली घालून भाकरी थापते. दर आठवडी बाजाराला टोमण्याचा एक हप्ता, कर्ज अजून फिटलेलं नाही.