सातव्या सीडीवरचं भुंकणं

निवेदिताने सातवी सीडी तिसऱ्यांदा लावली आणि हेडफोन कानांवर दाबून धरला. ग्लासगोच्या युनिव्हर्सिटीत तिचं काम एकच: न्यू कॅलेडोनिया बेटावर पहाटे रेकॉर्ड केलेल्या आवाजांतून कागू मोजायचे. कोंबडीएवढा, राखाडी रंगाचा, उडता न येणारा हा पक्षी त्या बेटावरचं जंगल सोडलं तर जगात कुठेच नाही. पंचाईत अशी, की त्याची हाक कुत्र्याच्या पिलासारखी असते.

पण हा आवाज कागूचा नव्हता. शेवटी घशातली गुरगुर होती, तीही दोन वेगवेगळ्या गळ्यांची. नागपूरला गल्लीतल्या कुत्र्यांनी तिची झोप काय कमी मोडली होती?

प्रोफेसरांना पटेना. "कॉम्प्युटर कागू म्हणतोय. सोमवारी बघू."

सोमवार! आज गुरुवार, आणि पोस्टातच सीडीचे दहा दिवस गेलेले. बसमध्ये तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. उतरायचा स्टॉप मागे पडला. घरी नवऱ्याने, शशिधरने, वाढलेला वरणभात तसाच निवला. जमिनीवर घरटं, वर्षाला जेमतेम एक अंडं. कुत्री सुटली तर उरणार काय?

"अगं, येरझारा काय घालतेस? तिकडे फोन कर ना."

"सरांना डावलून? डिसेंबरात कॉन्ट्रॅक्ट संपतंय. व्हिसा त्यावरच आहे आपला."

"मग नको करूस."

या उत्तराने ती उलट जास्तच पेटली. रात्रीचे आठ, म्हणजे तिकडे सकाळचे सहा. वनरक्षकाने फोन उचलला. तिकडची भाषा फ्रेंच, आणि तिचं फ्रेंच संध्याकाळच्या क्लासपुरतं. "कुत्रे," ती म्हणाली, "दोन. ओढ्याजवळच्या माइकवर."

"नक्की?"

"नक्की."

शुक्रवारी दुपारी वनरक्षकाची ईमेल आली. ओढ्याकाठी दोन शिकारी कुत्रे सापडले होते. तीन कागू मेले होते. एक नर पिल्लासकट वाचला होता.

प्रोफेसरांनी बोलावून घेतलं. "मला सांगायला हवं होतंस."

"सांगितलं होतं, सर."

कॉन्ट्रॅक्टचा विषय मात्र निघाला नाही.

टेबलावर आठवी सीडी येऊन पडली होती, दहा दिवसांपूर्वी रेकॉर्ड झालेली. मेलेले तिघे त्यात कदाचित अजून हाका मारत असतील. निवेदिता दोनदा उठली, दोनदा बसली. मग वही उघडून तिने तारीख घातली आणि मोजायला सुरुवात केली.