काजळीची रेघ

बाळासो लढाईवरून परत आला त्याला दोन महिने झाले, पण त्याची लेक अंजना त्याला अजून 'आबा' म्हणत नव्हती. तो पलटणीत गेला तेव्हा पोर दोन वर्षांची होती, आता आठ. घरात मिशीवाला, बूट वाजवत हिंडणारा कुणी माणूस आलाय, एवढंच तिला कळत होतं. "त्या मिलिट्रीवाल्यास्नी वाढलंस का गं?" असं ती खुशाल आईला विचारायची. हरणाबाईला ते लागायचं. पण भाकरी थापावी तशी माया थापता येत नाही, हे तिला काय कुणी सांगायला हवं होतं?

त्यात पोरगी चिंचेवरून पडली आणि मांडीचं हाड मोडून बसली. मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात तिचा पाय वर टांगून टोकाला वजन बांधलं. अंजना एक जागी बसणारी पोर नव्हे. ती दिवसभर इतकी चुळबुळ करायची, की वॉर्डातल्या नर्स शालूबाई म्हणायच्या, "अगं, हाड जुळायला तरी सवड दे!" पण अंजनाचं दुःख पायाचं नव्हतंच. पडायच्या आदल्या दिवशी तिनं आपली खुडूक झालेली कवडी कोंबडी अकरा अंड्यांवर बसवली होती.

"एकवीस दिवस, आई. म्हंजी ह्या आयतवारी पिल्लं निघणार. आन् मी हितं टांगलेली!"

त्याच आयतवारी ईस्टर होता. शालूबाई ख्रिस्ती. त्यांनी पोरांना कबूल केलं होतं, की वॉर्डात अठरा खाटा, तर अठरा रंगीत अंडी. अंड्याला दोन्ही टोकांना सुईनं भोक पाडायचं, फुंकर मारून आतलं सगळं वाटीत काढायचं आणि रिकामं कवच रंगवून दोऱ्यानं खाटेला टांगायचं. पोरं नुसती हरखून गेली. आणि हरणाबाईला तर हुरूपच चढला. तीन आठवडे ती इथं नुसतं घेत होती, आता काही द्यायची पाळी आली. "अंडी माझ्या घरनं येतील," असं तिनं ठासून सांगितलं आणि गावच्या माणसाबरोबर नवऱ्याला निरोप धाडला: घरात असतील नसतील तेवढी अंडी घेऊन या.

शनिवारी दुपारी छोट्या आगगाडीनं बाळासो आला. घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळलेली अंडी त्यानं खाटेशेजारी मांडली. बरोब्बर अठरा. पांढरीफेक, परेडला उभी केल्यासारखी. शालूबाईंनी टाळी वाजवली. वाटी आली, सुई आली, हळदीचा पिवळा, पळसाचा केशरी, कुंकवाचा लाल असे वाटीवाटीतले रंग आले. पोरं माना उंचावून बघू लागली.

हरणाबाईनं पहिलं अंडं हातात घेतलं आणि तिचा हात थबकला. अंडं कोमट होतं. आणि अठरा? कवडी खुडूक बसल्यावर घरात एवढी येणार कुठनं?

"आवं, ही कुठनं आणली?"

"सात शेजारनं. अकरा घरात गावली की! भुशाच्या टोपलीत. आमची आई जत्रेला गेलेली, कोंबडी बाहेर दाणं टिपत हुती."

"त्येच्यावर काळी रेघ न्हवती?"

"रेघ? लय मळल्याली हुती. म्हटलं, दवाखान्यात असली काळी अंडी कशी न्यायची? राखंनं घासून लख्ख केली," बाळासो छाती काढून म्हणाला.

उबवायला ठेवलेल्या अंड्यावर चुलीच्या काजळीची रेघ ओढतात, म्हणजे कोंबडीनं मागाहून घातलेलं ताजं अंडं वेगळं ओळखू येतं. शेणाची पाटी उचलायच्या वयात पोरी हे शिकतात. पण कोंबड्या हा बायकांचा कारभार. बाळासो लहानपणी मेंढरांमागं आणि मोठेपणी सहा वर्षं पितळी बटणं घासत राहिलेला.

"सुई ठेवा!" हरणाबाई ओरडली. शालूबाईंच्या हातातली सुई खाली पडली.

अंजनाला उमगलं. तिचं तोंड आधी पांढरं झालं, मग लाल. "माझ्या कवडीची? मिलिट्रीवाल्यानं माझी पिल्लं मारली!" बाळासोची मिशी खाली आली. बॉम्ब पडताना तो पळाला नव्हता म्हणे, पण आता त्याला पळावंसं वाटलं असणार.

हरणाबाईनं पदर खोचला. "कोमट पाणी आणा. उथळ भांड्यात."

शालूबाई पळत जाऊन पांढरं घमेलं घेऊन आल्या. हरणाबाईनं एकेक अंडं पाण्यात सोडलं. पहिलं बुडालं आणि तळाशी आडवं पडलं. ताजं. दुसरंही तसंच. तिसरं मात्र वर तरंगलं, टोक वर करून उभं राहिलं. आणि अंडं हललं! कुणी न ढकलता, आपलं आपणच, टुणकन्.

"जित्तं हाय!" हरणाबाई आणि अंजना एकदमच किंचाळल्या.

मग काय, पाणी, पोरं आणि शालूबाई, सगळेच नाचायला लागले. "हे बी! हे बी!" अंजना मोजत होती. सात बुडाली, अकरा तरंगली, त्यातली नऊ थरथरली. दोन गप्प राहिली. चैत्राचं ऊन आणि घोंगडीची ऊब, दोन्ही देवासारखी धावून आली होती.

पण आता उबवायची कुणी? कवडी तर गावाकडं. हरणाबाईनं लेकीकडं बघितलं, आणि हसू तिच्या ओठांवर आलंच. "हितं कोण तीन आठवडं एका जागी हाय गं?"

अंडी पुसून पुन्हा खुणा केल्या, आता हरणाबाईच्या डबीतल्या काजळानं. तान्ह्या पोराला तीट लावतात तसा एकेक ठिपका. घोंगडीत गुंडाळून ती अंजनाच्या कुशीशी ठेवली. "मेट्रनबाईंना मी बघते," असं म्हणत शालूबाईंनी गरम पाण्याची रबरी पिशवी आणून दिली. बाळासो पुढं झाला. "पाणी बदलायची ड्यूटी माझी." अंजनानं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. पण चुळबुळ करणारी ती पोर त्या क्षणापासून दगडासारखी निश्चल पडली, आणि रात्रभर दर तासाला एक मिशीवाला माणूस अनवाणी येऊन पिशवी चाचपून जात राहिला. बूट त्यानं दाराबाहेर काढून ठेवले होते.

उजाडता उजाडता बाहेर ख्रिस्ती देवळाची घंटा वाजली. सात खाटांना रंगीत कवचं डुलत होती. अंजनाच्या कुशीतून बारीक आवाज आला. टक्. टक्. मग कवच तडकलं आणि ओलं, लडबडलेलं, रागावल्यासारखं एक पिल्लू बाहेर पडलं. पोरं खाटांवर उभी राहिली. शालूबाई डोळे पुसत कवचाचे अर्धे तुकडे गोळा करू लागल्या. अकरा खाटांना टांगायला अजून काही नव्हतं ना!

बाळासो पायथ्याशी उभा होता. जवळ यायचा त्याला धीर होत नव्हता. अंजनानं पिल्लू ओंजळीत घेतलं, बराच वेळ बघितलं, आणि हात त्याच्याकडं लांब केला.

"धरा," ती म्हणाली. "पर घासू नगा हां, आबा."