मोटारसायकलवरून स्पंज केक

मोटारसायकलवर सामान कसं बांधावं याबद्दल लिंडसे ट्रेलोरचा एक सिद्धांत होता, आणि सिद्धांतवाल्या बहुतेक माणसांप्रमाणे तो कुणी विचारायची वाट पाहत नसे. जड ते खाली, नाजूक ते कपड्यांत, टणक वस्तू पाठीवर कधीच नाही, आणि जे हलतं ते घात करतं. रेल्वेच्या कारखान्यात चाळीस वर्षं फिटर असलेल्या या माणसाने पीटरबरोच्या रस्त्यांवरून अंडी, करवत आणि एकदा जिवंत कोंबडाही सुखरूप नेला होता.

आज मात्र बायकोचा, ग्वेंडाचा, स्पंज केक न्यायचा होता.

उजव्या मनगटाच्या ऑपरेशननंतर सात महिन्यांतला तिचा पहिलाच. हात पूर्ववत होईल असं डॉक्टर म्हणाले होते. पण डॉक्टरांनी आयुष्यात कधी अंडी फेसली होती? जेम्सटाउनच्या कृषी प्रदर्शनातले परीक्षक केक चाखून सांगतील तेच ती खरं मानणार होती. मोटार गिअरबॉक्स उघडा टाकून गॅरेजात पडली होती. शेजारची मेरल न्यायला तयार होती, पण मेरलचाही केक स्पर्धेत होता.

"तिच्या गाडीत माझा केक? त्यापेक्षा तुझं भंगार बरं," म्हणत ग्वेंडा मागे बसली.

अर्ध्या वाटेत तिने त्याच्या खांद्यावर थापटलं. "थांब. डबा उघड."

"मी बांधलाय तो."

"म्हणूनच."

लिंडसेने रबरी पट्टे सोडले. केक तसूभरही हलला नव्हता. ग्वेंडाने तो एका कडेने अलगद उचलला आणि वाकून खाली पाहिलं. खाली तारेची जाळी होती, आणि वरून घट्ट दाबून बसवलेला टॉवेल.

"ही कुणी घातली?"

"मी. खालून हवा नको लागायला? घाम फुटला असता त्याला."

"लिंडसे, हा केक आहे, इंजिन नाही. जाळीचे वळ उठले की गुण कापतात. जिल्ह्यातल्या मेंढ्यांनाही ठाऊक आहे हे."

त्याने केकच्या तळावर उठलेले वळ पाहिले. मग हळूच म्हणाला, "चुकलंच माझं. परत जायचं का?"

"दुसरा फेसायला हात कुणाचा आणणार?" तिने जाळी काढून टाकली आणि डबा दोघांच्या मध्ये धरला. "चल."

"मागच्याने हातात काही धरायचं नसतं."

"मी तुला धरतेय. मध्ये केक आलाय, ती त्याची अडचण."

पुढचे वीस किलोमीटर लिंडसेने इतक्या हळू काढले, की मेंढ्यांचा ट्रक त्यांना ओलांडून गेला, मग मेरलही हॉर्न वाजवत गेली. त्याने वेग वाढवला नाही. पाठीला डबा लागत होता आणि कमरेला तिचे दोन्ही हात.

दुपारी निकाल लागला. मेरल दुसरी, ग्वेंडा तिसरी. केकपाशी परीक्षकांची चिठ्ठी होती: 'तळाला जाळीच्या खुणा. पोत अप्रतिम. फेसणाऱ्या हाताला तोड नाही.'

ग्वेंडाने ती दोनदा वाचली. लिंडसे जाळीबद्दल पुन्हा काही बोलणार होता, तेवढ्यात तिने चिठ्ठी घडी करून त्याच्या जाकिटाच्या आतल्या खिशात सरकवली आणि उजव्या हाताने जाकिटाची चेन वर ओढू लागली. चेन दोनदा अडली. सात महिने ती अशा कामाला त्यालाच हाक मारत आली होती.

तो मदतीला हात पुढे करणार होता. केला नाही. चेन गळ्यापर्यंत येईस्तोवर हनुवटी वर करून उभा राहिला.