सतरा नंबरची चिठ्ठी

“काका, वही मिळाली. पण आधी बसा तुम्ही,” पुतणी विद्या फोनवर म्हणाली.

तुकाराम बसलेलाच होता, सौदीतल्या राबिघच्या कॅम्पात, लोखंडी पलंगावर. शुक्रवार, म्हणजे इथे सुट्टी आणि तिकडे कचेऱ्या चालू. रिफायनरीत व्हॉल्व्ह दुरुस्त करत बावीस वर्षं काढलेल्या या माणसाला एकच ध्यास लागला होता. चुलत्याचा माग काढायचा.

धरणात गाव गेलं तेव्हा सरकारने चिठ्ठ्या टाकून जमिनी वाटल्या. धाकट्या केरूला, म्हणजे तुकारामच्या वडिलांना, आबांना, कालव्याकाठची काळी जमीन आली. थोरल्या पांडूला डोंगरापलीकडचं मुरमाड. पांडू तडक निघून गेला, तो पुन्हा दिसला नाही. “माझं नशीब त्याला बघवलं न्हाई,” असं आबा साठ वर्षं सांगत आले. भावाचं नाव घरात काढायची सोय नव्हती. पण तुकारामला वाटायचं, कुठेतरी आपले चुलतभाऊ असतील, आपल्यासारख्याच नाकाचे, आणि रस्त्यात भेटले तरी ओळखू यायचे नाहीत. परमुलखात राहिलं की रक्ताच्या माणसांची अशी भूक लागते.

विद्याने कचेरीत जमिनींच्या ताब्याच्या याद्या धुंडाळल्या, हाती काही लागलं नाही. मग गेल्या महिन्यात कॅम्पात दिवाळीच्या रजेच्या चिठ्ठ्या निघाल्या. तुकारामने आपली रजा रत्नागिरीच्या रमेशला दिली आणि त्याची मार्चमधली घेतली. त्याची बायको बाळंत व्हायची होती. अदलाबदलीची सही वहीत करताना तुकारामच्या डोक्यात उजेड पडला. त्याने लगेच विद्याला कळवलं, “ताब्याची यादी सोड, तिच्यात चिठ्ठी कुणाची निघाली ते नसतं. सोडतीच्या दिवसाची वही माग.”

“वाच,” तो आता म्हणाला.

“आबा त्या दिवशी गैरहजर होते, काका. तापाने आजारी, असं लिहिलंय. दोन्ही चिठ्ठ्या पांडूआजोबांनीच उचलल्या. स्वतःची सतरा नंबर, कालव्याकाठची. आबांची त्रेचाळीस, मुरमाड. आणि शेऱ्यात आहे, ‘राजीखुशीने अदलाबदल केली.’ खाली त्यांचा अंगठा.”

“आनि पुढं?”

“पुढे काही नाही. त्रेचाळीसचा ताबा कुणी घेतलाच नाही.”

एक्याऐंशी वर्षांच्या माणसाला हे सांगावं का? साठ वर्षांचा राग हाच त्याचा आधार झाला असेल तर? पण खरं दडपणारे आपण कोण? त्याने आबांना फोन लावला आणि काही न वगळता सगळं सांगितलं.

पलीकडे कोंबड्यांचा कलकलाट चालला होता.

“आबा, ऐकताय न्हवं?”

“दादानं?” आबा म्हणाले. हा शब्द तुकारामने त्यांच्या तोंडून जन्मात ऐकला नव्हता. “दादानं आंगठा दिला व्हय? आन् मी त्याला काय काय बोललो रं...”

मग त्यांनी एकदम विचारलं,

“तुजी रजा कवा?”

“मार्चात.”

“मार्च लई लांब. आदी ये. आपुन हुडकू त्याला. उशीर नगं करूस, तुका. दादा आता लई म्हातारा झाला आसंल.”

पांडू जिवंत असलाच तर नव्वदीचा असेल, हे तुकारामच्या जिभेवर आलं होतं.

“येतो, आबा,” तो म्हणाला.