पदरात राहिलेला गूळ

आमच्या तांड्यात सोयरीक ठरली की नायकासमोर गूळ फोडतात. दोन्हीकडच्या माणसांनी तो खाल्ला की शब्द पक्का. पण मुलीच्या घरातली सगळ्यात मोठी बाई खाईपर्यंत तो पक्का धरत नाहीत. माझ्या सोयरिकीच्या वेळी माझ्या आजीने तो खडा हातात धरून ठेवला होता आणि सासरची सगळी मंडळी श्वास रोखून तिच्या तोंडाकडे बघत होती. ती खाली बसलेली, नाकात मोठी नथ, आणि कुणाची घाई करायची हिंमत नाही. आता कोण बघतं म्हातारीने खाल्ला की नाही ते.

दसऱ्याच्या आधी माझ्या नातीचा, सुरभीचा, गूळ फुटला. मला साखरेचा आजार. जेवणानंतर गोळी घेऊन खाऊ म्हणून मी माझा खडा पदराच्या गाठीत बांधला, नंतर कुंकवाच्या डबीशेजारी ठेवला, आणि तो तिथेच राहिला.

सुरभी डॉक्टर आहे. गूळ फुटला तेव्हा ती यवतमाळला दवाखान्यात ड्यूटीवर होती. तिच्या वाट्याचं सगळं तिच्या बापाने, माझ्या संजयने, बोलून टाकलं. मुलगा दिग्रसच्या लालसिंगचा राजदीप, कातडीचा डॉक्टर, नागपुरात दवाखाना. लालसिंगची अट एकच, सुनेनेही पुढे कातडीचंच शिकावं. खाजगी कॉलेजात जागा तोच मिळवून देणार होता. संजय हो म्हणाला. पोरीला विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. मीही तेव्हा गप्पच बसले होते.

दिवाळीनंतर सुरभी घरी आली आणि चपला काढता काढता म्हणाली, "पप्पा, मले शिमल्याले जागा भेटली. लेकरांच्या डॉक्टरची."

संजयच्या हातातला चहा तसाच राहिला. आधी मीच भडकले.

"यवतमाळात, नागपुरात लेकरं मेली काय सारी? कायले चालली त्या पहाडात?"

"नागपूरची जागा माझ्या नंबरापर्यंत आलीच नाही, दादी. शिमल्याची आली. तिथं बाया लेकरू पाठीवर बांधून डोंगर उतरून येतात. उशिराच येतात, आपल्यासारख्या. तिथं शिकीन अन् वापस येईन."

"अन् राजदीप?"

"तो लोकायचे डाग काढते. काढू दे ना. मी अडवलं काय त्याले?"

"लय शहाणी झाली. थंडीनं दात वाजतील तवा सांगजो."

संजय एवढंच म्हणाला, "गूळ खाल्ला हाय. कुठंच जायचं नाही." त्याने तिची बॅग उचलून आपल्या खोलीत ठेवली. शनिवारपर्यंत ती शिमल्यात हजर झाली नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती.

दुसऱ्या दिवशी, बातमी कानावर पडताच, लालसिंग जीप घेऊन आला. डोंगरसिंग नायकाच्या अंगणात पंच बसले. सुरभीला घरीच ठेवलं होतं. मी बायांमध्ये मागे बसले.

लालसिंग पाय पसरून बसला होता. "नायक, गूळ खाऊन शब्द फिरवायची रीत कवापासून आली तुमच्या तांड्यात?"

"पोरगी लहान हाय, समजावतो मी," संजय म्हणाला.

"समजाव. कातडीचा डॉक्टर म्हणजे डॉक्टर. लेकरायच्या डॉक्टरले काय लागते? मोठ्याची गोळी अर्धी तोडली की झालं."

माणसं हसली. संजयही हसला.

त्या हसण्याने माझं डोकं फिरलं. संजयची धाकटी बहीण उज्ज्वला तापाने फणफणली होती, तेव्हा गावात येणाऱ्या डॉक्टरने मोठ्या माणसाची गोळी नखाने तोडली आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली. लेकरू हाय, अर्धी बस झाली, म्हणाला. बोरी अरबच्या फाट्यावर गाडीची वाट बघतानाच ती माझ्या मांडीवर गेली. संजय तेव्हा शाळेत जायचा. खाटेजवळ उभं राहून त्याने ती गोळी तुटताना बघितली होती.

मी उठले. घरी जाऊन तो खडा आणला. कडक झाला होता, एका बाजूने मुंग्यांनी खाल्ला होता. पंचांत बाया बोलत नाहीत. मी नायकासमोर तो ठेवला आणि बोलले.

"हा माझा खडा. मी खाल्ला नाही."

नायकाने खडा उचलून उलटसुलट करून बघितला. "काहून नाही खाल्ला, बसंतीबाई?"

"तवा शुगर होती म्हणून नाही खाल्ला. आता खातच नाही."

लालसिंग उठून उभा राहिला. "बुढीच्या शुगरवर सोयरीक मोडते काय?"

"मोडत नाही," नायक म्हणाला. "ती जुळलीच नाही."

लालसिंगची जीप अंगणातल्या कोंबड्या उडवत गेली. घरी येताना संजय पुढे पुढे चालत होता. दारात थांबून म्हणाला, "याडी, माय असून दिग्रसच्या बाजारात तोंड दाखवाची सोय ठेवली नाही तू माही."

"अर्धी गोळी कोणाले देली होती, ध्यानात हाय तुह्या?"

तो आत गेला. मग त्याच्या खोलीतून सुरभीची बॅग बाहेर आली आणि दार बंद झालं.

सकाळी तो निरोप द्यायला बाहेर आला नाही. मीच तिच्यासोबत बोरी अरबच्या फाट्यावर गेले. शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. ती वाकून पाया पडली.

"दादी, अजून राग हाय?"

"हाय."

खरंच होता. लालसिंगवर होता, संजयवर होता, तिच्यावरही होता. आणि त्या गोळी तोडणाऱ्या नखावर, जे आता कुठल्या मातीत गेलं असेल कोण जाणे. लेकराचं औषध शिकायला माझ्या नातीला अर्धा देश ओलांडावा लागतो, तो राग तर कुणावर काढायचा हेच मला कळत नव्हतं.

"राग कवा जाईल?"

"तू वापस येशील तवा पाहू. आता चढ, गाडी भरून राह्यली."

ती खिडकीजवळ बसली. उज्ज्वलेला घेऊन ज्याच्याखाली बसले होते तो कडुनिंब अजून तिथेच आहे. गाडी निघाल्यावर मी त्याच्याखाली बसले नाही. उभीच राहिले.