यामिनी सिस्टरचा साबण

यामिनी सिस्टरच्या नवजात कक्षात हात धुतल्याशिवाय कोणाला पाऊल टाकता येत नसे. एकदा जिल्ह्याहून तपासणीला आलेल्या साहेबांनाही तिने दारात अडवलं, घड्याळ आणि अंगठी काढायला लावली आणि कोपरापर्यंत हात धुवून घेतले. साहेब निमूट धुऊन आत गेले. तेव्हापासून सगळं रुग्णालय तिला पाठीमागे 'साबणवाली सिस्टर' म्हणायला लागलं. तिला ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

म्हणूनच जानेवारीत तिच्या कक्षातली बाळं एकामागून एक आजारी पडायला लागली, तेव्हा तिला ते फार लागलं. आधी खापर गावाहून आलेलं बाळ दूध ओढेनासं झालं आणि त्याचं अंग गार पडलं. चार दिवसांनी दुसरं. आठव्या दिवशी रेवाबाईची नात.

रेवाबाई धडगावकडच्या डोंगरातली. मुलगा आणि सून ऊसतोडीला पुरुषोत्तमनगरकडे आले होते. सून तिथेच फडाजवळच्या खोपीत दिवस भरायच्या दीड महिना आधीच बाळंत झाली. निरोप मिळताच म्हातारी दोन गाड्या बदलून खाली उतरली आणि तेव्हापासून कक्षाबाहेरच्या बाकावर मुक्काम ठोकून होती. सून अशक्त होती, म्हणून दिवसातून तीनदा रेवाबाईच आत जाऊन नातीला ऊब मिळावी म्हणून उघड्या छातीशी धरून बसायची.

धुळ्याहून रक्ताचे रिपोर्ट आले. तिन्ही बाळांत एकच जंतू.

डॉक्टर मयंक वयाने यामिनीपेक्षा लहान, पण डोकं शांत. नवापूरला वडिलांचं कापडाचं दुकान, त्यामुळे समोरच्याचं ऐकून घ्यायची सवय त्यांना घरातूनच होती. ते म्हणाले, तिघांत एकच जंतू म्हणजे तो बाळांना इथेच, एकाच जागेवरून मिळतोय. त्यांनी आजारी बाळं एका बाजूला घेतली, त्यांच्यासाठी वेगळी सिस्टर नेमली आणि नवी बाळं शेजारच्या खोलीत ठेवायला सुरुवात केली. बाळांना ऊब देणारे वॉर्मर, वजनकाटा, नळाच्या तोट्या, ऑक्सिजनच्या नळ्या, सगळ्यांचे नमुने तपासायला गेले. कशातच काही सापडलं नाही. यामिनीने आपल्या परीने हात धुणं दुप्पट करून टाकलं. आधी एकदा धुवायचे तिथे दोनदा.

तरी चौथ्या बाळाला संसर्ग झालाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी यामिनीने रेवाबाईला पकडलं. म्हातारीने बेसिनवर हात धुतले, मग गुपचूप बाहेरच्या नळावर गेली आणि कनवटीची साबणाची वडी काढून पुन्हा धुतले. यामिनी चांगलीच तापली. आपला साबण हिला चालत नाही की काय? रेवाबाई पावरीत काहीतरी बोलली. यामिनीला त्यातलं अक्षर कळलं नाही. सफाईची जसोदाबाई तिथेच फरशी पुसत होती. तिचं माहेर मोलगीकडचं, त्यामुळे तिला ती बोली येत होती.

"सिस्टर, ती म्हनस, तुमना साबणना वास येस," जसोदाबाई म्हणाली. "साचेल पाणीसारखा."

"काहीतरीच," म्हणून यामिनी आत निघून गेली. पण मन काही कामात लागेना. दुपारी गर्दी कमी झाल्यावर ती बेसिनपाशी आली आणि हातसाबणाच्या बाटलीचं झाकण उघडून तिने नाक जवळ नेलं. वास होता, हलकासा, पण होता. आतून बोट फिरवलं तर बाटलीच्या भिंतीला शेवाळासारखा बुळबुळीत थर.

तिने जसोदाबाईला विचारलं, ही बाटली शेवटची रिकामी करून कधी धुतली?

जसोदाबाईने खाली मान घातली. "तुम्हीच तर सांगेल व्हतं, रिकामी करू नको, पाणी टाकीसन वाढाव."

सांगितलं होतं खरंच. दिवाळीच्या सुमारास स्टोअरमधून साबण वेळेवर येत नव्हता. संपला तर लोक हात न धुता आत येतील, या भीतीने तिनेच अर्ध्या बाटलीत पाणी घालायला लावलं होतं. पुढे साबण आला, तो जुन्या उरलेल्यावरच ओतला गेला. एवढे दिवस ती ज्याला त्याला त्याच बेसिनवर उभं करत होती.

यामिनी तिथेच स्टुलावर बसली. बाटली धुऊन टाकली असती तर कोणाला काही कळलं नसतं. हा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. पण आतून वॉर्मरचा पीं पीं आवाज आला आणि ती उठली. बाटली तशीच पिशवीत घालून ती डॉक्टरांकडे गेली.

"सर, नमुन्यांच्या यादीत एक गोष्ट राहिली," ती म्हणाली. "आणि ती माझ्या हातची आहे."

मयंकनी बाटली बघितली, मग तिच्याकडे बघितलं. ओरडले नाहीत. त्याच तासात कक्षातल्या सगळ्या बाटल्या बाहेर गेल्या आणि बेसिनवर साबणाच्या लहान वड्या आल्या, खाली पाणी निथळेल अशा जाळीवर. चौथ्या दिवशी रिपोर्ट आला. साबणातला जंतू आणि बाळांमधला जंतू एकच. बाळांना आधीपासून दिली जाणारी औषधं त्याच्यावर लागू पडणारी होती, तीच चालू ठेवली.

यामिनीला सगळ्यात जड गेलं ते रेवाबाईला सांगणं. जसोदाबाईला मध्ये घेऊन तिने काही न लपवता सांगितलं. म्हातारी दोनच वाक्यं बोलली. जसोदाबाईने ती मराठीत सांगितली.

"ती विचारते, आता चांगला साबण आणला ना? मग बसलीस काय, मला आत सोड, पोरगी वाट बघते."

खापरच्या बाळाने पाच दिवसांनी पुन्हा दूध ओढायला सुरुवात केली. पाठोपाठ बाकीची सुधारली. नंतरचे तीन आठवडे एकाही नव्या बाळाला काही झालं नाही, तेव्हा मयंकनी शेजारची खोली रिकामी केली. रेवाबाईची नात तेराशे ग्रॅमची आली होती. घरी निघाली तेव्हा अठराशे पन्नास भरली आणि काट्यावर ठेवताच असा टाहो फोडला की जसोदाबाई हसतच सुटली. निघताना रेवाबाईने कनवटीची उरलेली वडी यामिनीच्या हातावर ठेवली. यामिनीने ती नको न म्हणता घेतली.

मार्चमध्ये नंदुरबारला जिल्ह्यातल्या सिस्टरांची बैठक झाली. यामिनीला बोलायला उभं केलं. साड्यांची सळसळ, पंख्यांचा आवाज, आणि पन्नासेक चेहरे. तिने तयार करून आणलेला कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

"बाटली माझी होती," ती म्हणाली, "आणि पाणी घालायला मीच सांगितलं होतं."

मग मागच्या रांगेतल्या एका सिस्टरने हळूच हात वर केला. आमच्याकडेही पाणी घालतात, ती म्हणाली. तिच्या शेजारचीनेही हात वर केला. मग पुढच्या रांगेतून एक, खिडकीजवळून दोन. यामिनी मोजत गेली आणि अकरावर पोचल्यावर तिला हसू आवरेना. चहा गार होईपर्यंत सगळ्याजणी आपापल्या बाटल्यांबद्दल बोलत राहिल्या.